यंत्रं वाटाल, पण रात्री दोनचा इशारा पाहणार कोण?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णांच्या अंगावर दिवसरात्र राहून नाडी, ऑक्सिजन, ईसीजी मोजणारी यंत्रं सरकारी योजनेतून द्यावीत, या मागणीला माझा पाठिंबाच आहे. दवाखान्यातला ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा. अधूनमधून उमटणारं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) नेमकं त्या दहा सेकंदांत सापडलं, तर नशीब. चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी घेण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात पाठीवर वागवायचं सुमारे ३८ किलोचं यंत्र बनवलं. आज छातीवरची पट्टी त्याहून जास्त काम करते.

त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या होल्टर यंत्राच्या, म्हणजे पेशंटच्या अंगावर राहून सलग ईसीजी टिपणाऱ्या यंत्राच्या, नोंदी तपासण्याचं काम मी करतो. यंत्र लावताना आम्ही पेशंटला एक कागद देतो : किती वाजता काय केलं, ते लिहा. ‘४.१० – जिना चढलो, धडधड.’ नाडी १३० दिसली की मी आधी तो कागद बघतो. जिन्यावरची १३० सोडून देता येते. खुर्चीत बसलेल्याची १३० असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी लागते. (कागद बऱ्याचदा कोराच परत येतो, हा भाग वेगळा.) म्हणून हालचालीची नोंद आपोआप ठेवत नसेल, तर ते यंत्र घेऊच नका.

दुसरं, चाचणी. मनगटाचं यंत्र त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची स्पंदनं टिपतं. कपडे पिळताना हात हलला की त्याचा गोंधळ उडतो, आणि प्रात्यक्षिक मात्र हात टेबलावर ठेवून दाखवतात! ऑक्सिमीटरचं दुखणं त्याहून गंभीर. २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या त्वचेवर, चालत्याफिरत्या माणसांवर तपासल्याशिवाय टेंडर मंजूर करू नये.

आणि मुख्य मुद्दा माणसांचा. आकडा बिघडला की यंत्र इशारा देतं, पण खोटे इशारे इतके येतात की खऱ्याकडेही काणाडोळा होतो. तेव्हा खरेदीच्या फाइलवर सही करण्याआधी त्याच फाइलमध्ये तीन गोष्टी मागवा : इशारे पाहणाऱ्या तंत्रज्ञांची मंजूर पदं, रात्रपाळीचं वेळापत्रक आणि इशारा आल्यावर किती मिनिटांत पेशंटला फोन जाईल याची लेखी मुदत. पदं मंजूर नसतील, तर यंत्रं निम्मीच घ्या आणि उरलेल्या पैशांत ती भरा.

आपला,
एक ईसीजी तंत्रज्ञ