ब्लायथबर्गचे देवदूत

प्रिय अव्या,

रागावला असशील. दोन महिने पत्र नाही, आणि तुझ्या धाकटीच्या बारशालाही फक्त फोनच केला. पण गेल्या शनिवारी जे बघितलं ते फोनवर सांगून भागणारं नाही. तुला लहानपणापासून लाकडाचं वेड, म्हणून तिथे पाऊल टाकल्यापासून तूच आठवत होतास.

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, समुद्राजवळच्या दलदलीच्या काठावर ब्लायथबर्ग नावाचं चिमुकलं गाव आहे. त्यातलं पंधराव्या शतकातलं चर्च मात्र अवाढव्य. एके काळी इथे बंदर होतं, पैसा होता. नदी गाळाने भरत गेली, व्यापार आटला, आणि एवढी वास्तू राखायला गावात माणसंच उरली नाहीत. भिंतींना बाहेरून गारगोट्या लावल्यात. आत मात्र डोळे दिपतात. वरच्या अंगाला दोन्हीकडे अठरा-अठरा खिडक्या, रंगीत काच फारशी शिल्लक नाही, त्यामुळे उजेड अगदी दुधासारखा.

आणि छत! तुळयांच्या मध्यावर पाठीला पाठ लावलेले लाकडी देवदूत, पंख पसरून. मूळ रंगातली लाल-हिरवी नक्षी अजून पुसट दिसते. त्यांच्या अंगाला भोकं आहेत. १६४४ साली विल्यम डाउझिंग हा गृहस्थ पार्लमेंटच्या हुकमाने चर्चाचर्चांतल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकत हिंडत होता, तो इथेही आला होता. खांबांना कड्या आहेत, तिथे त्याच्या शिपायांनी घोडे बांधले म्हणे, आणि देवदूतांवर गोळ्याही त्यांनीच झाडल्या. पिढ्यानपिढ्या हेच सांगितलं गेलं. पुढे छताच्या दुरुस्तीत लाकडातून छर्रे निघाले, ते अठराव्या शतकातले! चर्चच्या जमाखर्चात कावळे मारायला दारू-छर्रे घेतल्याची नोंदही आहे. म्हणजे बार गावकऱ्यांचे आणि बोल डाउझिंगला. तो काही साधुपुरुष नव्हता, पण हे पाप त्याचं नाही.

पापावरून आठवलं. बाकांच्या टोकांवर सात महापापं कोरलीत. आळस अंथरुणात पडलेला, खादाड आपलं सुटलेलं पोट धरून बसलेला. खादाडाकडे बघून मला आपल्या मेसमधला कोण आठवला असेल, ते तू ओळखशीलच.

उत्तरेकडच्या दारावर काळे डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७ला प्रार्थना चालू असताना वीज कोसळली, मनोऱ्याचं शिखर छत फोडून आत आलं, एक माणूस आणि एक मुलगा जागीच गेले. लोक म्हणतात, काळ्या कुत्र्याच्या रूपात सैतान आला होता, हे त्याच्या पंजांचे डाग. मी त्यांवर बोट फिरवून पाहिलं. खोलगट, उभे, जळके.

मान इतकी अवघडली की शेवटी बाकावर उताणा पडून छत पाहिलं. फुलं लावत असलेल्या एका आजीबाई हसल्या आणि कपाटातून हातआरसा काढून दिला. हा आरसा आडवा धरून खाली बघ, म्हणाल्या. पुढच्या वेळी तू आलास की दुर्बीण घेऊन ये, माझी तुझ्याकडेच राहिली आहे.

तुझा,
मन्या