ही चित्रे कोणाला हसत होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या व्यंगचित्रांवर आलेला लेख आवडीने वाचला. चित्रे मोठी आणि स्वच्छ छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र ही सगळी चित्रे म्हणजे अंधश्रद्धेविरुद्धचा लढा, हा लेखाचा सूर मला मान्य नाही.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचे १७६२ चे मेथडिस्टांवरचे, म्हणजे तेव्हाच्या एका नव्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथावरचे, चित्र जरा जवळून पाहा. उपदेशकाच्या एका हातात चेटकिणीची बाहुली आहे, दुसऱ्या हातात सैतानाची. केसांचा टोप सरकून खालचे, कॅथलिक साधूंसारखे गुळगुळीत मुंडण दिसते; म्हणजे हा छुपा कॅथलिक, असा आरोप. खाली एका बाईच्या घागऱ्यातून ससे पळताहेत, शेजारी बूटपॉलिशवाला पोरगा खिळे ओकतो आहे. ती बाई मेरी टॉफ्ट. सशांना जन्म दिल्याचा तिचा बनाव १७२६ मधला. मेथडिस्टांचा पुढारी जॉर्ज व्हाइटफील्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता! खिळे ओकणाऱ्या मुलाचा प्रकार तर १६२० चा. जुनी लबाडी नव्या पंथाच्या माथी मारली, हे लेखात यायलाच हवे होते.

मेथडिस्टांवर राग होता तो निराळ्याच गोष्टीचा. १७३९ पासून व्हाइटफील्ड ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या खाणमजुरांपुढे उघड्यावर बोलू लागला. पुढे शिंपी, मोची, पाथरवट स्वतःच उपदेश करू लागले. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी नाही, हातांना घट्टे पडलेले, आणि हे लोक धर्म सांगणार? लंडनच्या चित्रे विकणाऱ्या दुकानांच्या काचांमागे अशांची टर उडवणारी चित्रे टांगलेली असत. विल्यम हंटिंग्टन हा कोळसा वाहणारा हमाल पुढे लंडनमध्ये मोठ्या सभांपुढे बोलू लागला, तरी त्याचा कोळसा काही कोणी विसरू दिला नाही. यॉर्कशायरचा पाथरवट जॉन नेल्सन याच्या बाबतीत तर गोष्ट हसण्यावर थांबली नाही. १७४४ साली त्याला बळजबरीने फौजेत घातले.

आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण विल्यम कॅरीचे. जोडे शिवणारा हा माणूस १७९३ साली बंगालमध्ये आला. अशा धर्मप्रचारकांना मोची म्हणून हिणवणारे लिखाण सिडनी स्मिथ या पाद्र्याने ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात केले. त्याच्या आधीच, १८०५ मध्ये, कॅरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापून झाले होते. १८१० मध्ये पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने केलेला मराठी कोशही निघाला. धर्मांतराच्या त्याच्या हेतूबद्दल वाद घालावा, जरूर घालावा. त्याच्या आरीबद्दल नको.

होगार्थने १७३६ मध्ये झोपाळू पाद्री आणि पेंगणारी मंडळी काढली, ते चित्र मला फार मोलाचे वाटते. तिथे चपराक मानाच्या खुर्चीला आहे. पुढच्या भागात ते छापावे आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळींत लिहावे: चित्रातला माणूस कोण, आणि त्याचा धंदा कोणता.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा