वहीच्या मागच्या पानासाठी काकाजींना आभाराचे पत्र

आदरणीय काकाजी,

सादर जय गुरु.

आभाराचा शब्द निघाला की आपण बोलणे पावसापाण्यावर नेता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची दैना केली, त्यात आमचे ४ एकर कोरडवाहू वावरही गेले. पुढच्या वैशाखात बाबा गेले, आणि सोसायटीचे पीककर्ज थकलेले असतानाही मी तेरवीसाठी सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने ८० हजार उचलायला निघालो. सगळ्या गावाची पंगत उठल्याशिवाय बाबांना शांती मिळणार नाही, असे मला मनापासून वाटत होते; त्या श्रद्धेच्या पोटात लोकांची भीती दडली होती, हे मात्र उमगत नव्हते.

आपण मला अडवले नाही. सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर सतरंजीवर बसवून घेतले, बाबांच्याच हिशेबाच्या वहीचे मागचे कोरे पान उघडले आणि म्हणालात, "तुझे बाबा कशासाठी राबत होते, ते आधी लिही, तेरवीचा खर्च त्याच्या खाली मांड." ती पहिली ओळ लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाबांनी दोन वर्षे फुटका चष्मा बदलला नव्हता. हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. पानावर सर्वांत वर धाकटीचे शिक्षण आले, त्याखाली जमीन गहाण न पडणे, आणि तेरवी तळाशी गेली.

त्याच बैठकीत आपण गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू देण्याचा रिवाज मोडून त्यांनी गोड जेवण वाढले होते, आणि पुढे पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बाबांना जाऊन आठ दिवस झाले असताना ऐकल्या, तेव्हा कुठे त्या माझ्याशी बोलल्या.

तेरवीला घरचे वरण, भात, पोळी झाली आणि आपण खंजिरी घेऊन भजनाला बसलात. काही सोयरे रुसले; ते पुढे आले-गेले.

त्याच वर्षी कापूस वेचणीला आला असताना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आली. मोझरीला त्यांच्या गुरुकुंज आश्रमात, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी म्हणजे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, सारा जनसमुदाय मौन उभा राहतो, तसे आपण माझ्या वावरात मजुरांसह ओटीतला कापूस सांभाळत उभे राहिलात. ढग भरून आले होते आणि वेचा अर्धा राहिला होता, तरी आपण हलला नाहीत. कामाच्या वर काहीतरी असते आणि त्याच्यासाठी काम थांबते, हे मी त्या उभ्या माणसाकडे पाहून शिकलो.

धाकटीचा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण होऊन ती आता ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करते. जमीन सातबाऱ्यावर आमच्याच नावे आहे.

काकाजी, आता तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत आणि मंडप, बँड, पंगतीचे आकडे घरात पुन्हा फिरू लागले आहेत. वही मी काढून ठेवली आहे. या वेळी पहिली ओळ धाकटीने लिहावी, असे मनात आहे; त्या संध्याकाळी आपण आमच्याजवळ बसावे, एवढी विनंती.

आपला नम्र,
आपल्या हाताखालचा एक शेतकरी