सही घेण्याआधी गणित मांडून दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शेजारचा अकरावीतला मुलगा शाळेतून मिळालेलं ‘अपार’ या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाचं संमतिपत्रक घेऊन माझ्याकडे आला. ‘‘बाई, आवय म्हणटा, तुमी वाचून सांगात, मागीर ती सही करतली.’’ (आई म्हणते, तुम्ही वाचून सांगा, मग ती सही करील.) आधार क्रमांक वापरायला संमती, मुलाचे गुण आणि क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरलेलं विषयाचं वजन, एका खात्यात जमा होणार, वगैरे. मी एकतीस वर्षं हायर सेकंडरीला गणित शिकवलं, अशी पत्रकं शेकड्यांनी वाटली आणि सह्या करून परत घेतली. या वेळी मात्र ‘क्रेडिट’ या शब्दाशी माझी नजर थांबली. त्याचं कारण माझी नात आहे.

मुलगा कुटुंबासह अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. नात सोळा वर्षांची. तिथे सातवी ते बारावीच्या मुलांना शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेता येतात. या योजनेचं नाव ‘कॉलेज क्रेडिट प्लस’, ती २०१५पासून चालू आहे. सरकारी शाळेतल्या मुलाने सरकारी कॉलेजात विषय घेतला तर पालकांना फी पडत नाही, आणि मिळालेलं क्रेडिट पुढे पदवीला धरलं जातं. हुशार मुलांसाठी योजना चांगलीच आहे, याबद्दल मला शंका नाही.

नातीने गेल्या जानेवारीत दोन विषय घेतले, तीन क्रेडिटचं इंग्रजी आणि चार क्रेडिटचं रसायनशास्त्र. शाळेत ती पहिल्या पाचांतली. पण कॉलेजात प्रयोगाचा अहवाल दिला नाही म्हणून कोणी वर्गात उभं करून विचारत नाही, वहीवर लाल शेरा मारून घरी पाठवत नाही. तारीख टळली की शून्य. तिचे तीन अहवाल असे शून्यात गेले. माझ्या मुलाला वास लागला तेव्हा त्याने कॉलेजला फोन केला. उत्तर नम्र होतं : विद्यार्थिनीची माहिती तिच्या परवानगीशिवाय पालकांना देता येत नाही. १९७४च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झालं, की त्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो, मग मूल सोळा वर्षांचं का असेना. हे त्याला त्या दिवशी कळलं.

निकाल लागला. इंग्रजीत सी, रसायनशास्त्रात डी. तिथे ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १, एफ शून्य. तीन क्रेडिटांना प्रत्येकी दोन म्हणजे सहा गुण, चार क्रेडिटांना प्रत्येकी एक म्हणजे चार. दहा भागिले सात, म्हणजे १.४३. सरासरी २च्या खाली गेली की ‘प्रोबेशन’, म्हणजे मूल योजनेत राहतं, पण अटींवर. त्या काळात एका सत्रात एकच विषय घ्यायचा, आणि ज्या विषयात डी किंवा एफ मिळाला तो विषय घ्यायचा नाही. म्हणजे डी मिळालेलं रसायनशास्त्र पुन्हा घेऊन भरून काढण्याचा रस्ता बंद. तिने मानसशास्त्र घेतलं, तीन क्रेडिटचं. ऑगस्ट ते डिसेंबर पोर मान मोडून अभ्यास करत होती. चवथीला व्हिडिओवर आरतीला बसली ती मांडीवर पुस्तक घेऊन. तिला बी मिळाला.

दहा अधिक नऊ, एकोणीस. भागिले दहा. १.९.

बी मिळवूनही ती बाहेर. सलग दुसऱ्या सत्रात सरासरी २च्या खाली राहिली म्हणून योजनेतून ‘डिसमिसल’चं पत्र आलं. काही कॉलेजांत यालाच ‘सस्पेन्शन’ म्हणतात. बातमी इकडे पोचली तेव्हा नात्यातल्या दोघा-तिघांनी मला हळूच विचारलं, ‘‘पोरीने केलं तरी काय?’’ आपल्याकडे शाळेतून निलंबन म्हणजे मारामारी, कॉपी, बेशिस्त. तिने काही केलं नव्हतं. एक दशांश कमी पडला होता. त्या दिवशी फोनवर ती माझ्याशी बोलली नाही, नुसता कॅमेरा छताकडे करून ठेवला होता.

मला सगळ्यांत जास्त कशाने टोचलं, तर हे गणित जून महिन्यातच करता आलं असतं. एकच तीन क्रेडिटचा विषय घेऊन १.४३वरून २च्या वर यायचं, तर ए किंवा त्याच्या अगदी जवळची श्रेणी हवी होती, बी पुरणार नव्हता. सातवीतल्या मुलाला येईल असा भागाकार. चार क्रेडिटचा विषय घेतला असता तर त्याच बी श्रेणीत बावीस भागिले अकरा, बरोबर २ झाले असते! पण तिला कोणी समोर बसवून हे दाखवलं नाही. शाळेला वाटलं कॉलेज सांगेल, कॉलेजला वाटलं शाळा सांगेल, आणि वडिलांनी तर प्रवेशाच्या वेळी नियम समजल्याची सही केलेली होती. माझ्या मुलाने मला सरळ सांगितलं, ‘‘आई, मी वाचलं नव्हतं.’’

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पैसा सरकारचा आहे, आणि पेलत नसलेल्या मुलाला थांबवणं शिक्षक म्हणून मलाही पटतं. एकच विषय घे, यात काळजीही आहे. निर्णयाविरुद्ध दाद मागायचीही सोय आहे, फक्त कळवल्यापासून कामाच्या पाच दिवसांत. पत्र नातीच्या कॉलेजच्या ईमेलवर आलं होतं, ते तिने सुट्टीत चौथ्या दिवशी उघडलं. बापलेक रात्री दोनपर्यंत बसले आणि अर्ज गेला. शाळेने तिला प्रोबेशनवरच ठेवून आणखी एक विषय घेऊ दिला. आता तीन क्रेडिटमध्ये बी मिळाला तर अठ्ठावीस भागिले तेरा, २.१५. या वेळी तो भागाकार तिने स्वतः करून मला पाठवला. रसायनशास्त्रातला डी मात्र कॉलेजच्या गुणपत्रिकेवर आहे. पुढे ती कुठेही प्रवेशाला गेली तरी सोळाव्या वर्षीची ती नोंद तिच्याबरोबर जाणार.

आता आपल्या गोव्याकडे वळते. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळा आणि कॉलेज एकाच क्रेडिटच्या धाग्यात ओवायची कल्पना आहे, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. २०२१पासून मिळालेली क्रेडिटं साठवणारी क्रेडिट बँकही आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी हायर सेकंडरीत आणि कॉलेज वेगळं, त्यामुळे पर्वरीचं शालान्त मंडळ आणि ताळगाव पठारावरचं विद्यापीठ यांच्या मधोमध मूल उभं राहील, माझी नात उभी राहिली तसंच. आपल्या कॉलेजांत एटीकेटी सगळ्यांना समजते, घरोघरी तो शब्द आहे. शाळकरी मुलाने कॉलेजचा विषय घेतला आणि अडखळला, तर त्याचं काय, याला मात्र आपल्याकडे शब्दही नाही.

म्हणून मंडळाला, विद्यापीठाला आणि शिक्षण खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. हायर सेकंडरीच्या मुलांना कॉलेजचं क्रेडिट द्यायची वेळ येईल तेव्हा आधी नियम मराठीत आणि कोंकणीत छापा. अडखळलेल्या मुलाची नोंद किती वर्षं राहणार, तोच विषय पुन्हा घेता येणार का, दाद कोणाकडे आणि किती दिवसांत मागायची, पालकाला कोण कळवणार, हे त्यात असू द्या. आणि पालकसभेत फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवा, डी आणि बीचं. खडू घेऊन मी स्वतः यायला तयार आहे, कुठल्याही तालुक्यात.

शेजारच्या मुलाचं पत्रक अजून माझ्या टेबलावर आहे. सोमवारी त्याच्या आईबरोबर शाळेत जाऊन आम्ही आधी विचारणार आहोत, मग ती सही करील.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
बोरी, फोंडा