कोलंबसच्या (ओहायो, अमेरिका) ताईंना

प्रिय ताई,

लेकीचा कॉलेजप्रवेश झाला. तिची जमा क्रेडिट्स (पदवीसाठी विषयागणिक साठणारे अंक) पाहिली, तर जवळजवळ एका वर्षाचा अभ्यासक्रम हायस्कूलमध्येच पुरा झालाय. मेहनत तिची, पण वाट तुम्ही दाखवलीत, म्हणून हे जाहीर पत्र.

ओहायोत ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ योजनेत सातवी ते बारावीची मुलं कॉलेजचे विषय घेऊ शकतात. सरकारी शाळेतल्या मुलाने सरकारी कॉलेजात ते घेतले तर फी नाही आणि पुस्तकंही फुकट. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बारावी झाली की पहिल्या वर्षाला नव्याने श्रीगणेशा, एवढंच आम्ही महाराष्ट्रात पाहिलेलं. त्यात आमचा एच-४ व्हिसा, म्हणजे एच-१बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा. लेकीला फेडरल शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वाढदिवसाला तिचा एच-४ संपणार. पदवी तीन वर्षांत झाली तर ती त्याआधीच हातात येईल, हे गणित तुम्ही मांडलंत तेव्हा आम्ही दोघं गप्पच झालो.

पण मला खरे उपकार वाटतात ते तुमच्या खोदून विचारण्याचे. प्रत्येक विषयाला तुमचा एकच प्रश्न: ‘हे क्रेडिट तिच्या पदवीत कुठे बसणार?’ कॉलेज क्रेडिट देतं, पण ते पदवीच्या गरजेत धरलं गेलं नाही तर एक पैसाही वाचत नाही. म्हणून तुम्ही तिला आधी ‘ओहायो ट्रान्सफर ३६’ या राज्याच्या यादीतले पायाभूत विषय घ्यायला लावलेत, कारण ते राज्यातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांत चालतात. राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजात जायचं असेल तर त्यांनाच आधी विचारा, असंही बजावलंत.

आणि तिला थांबवलंतही तुम्हीच. हौसेने तिने एका सत्रात जास्त विषय निवडले होते. या योजनेतले गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातात, घसरले तर पुढे तेच दिसतात, हे तुम्ही तिला शांतपणे समजावलंत. कॅल्क्युलस तिने एपीतून (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेज-पातळीचा अभ्यासक्रम) केलं. तिथे मे महिन्यातल्या एका परीक्षेवर सगळं, पण पाचपैकी ३ गुण मिळाले तरी ओहायोची सरकारी कॉलेजं क्रेडिट देतात.

कामावरून थकून आल्यावरही तुम्ही आमच्यासाठी बसायचात. सख्ख्या बहिणीने याहून जास्त काय केलं असतं?

धाकटा आता सहावीत आहे. सातवीपासून या योजनेत भाग घ्यायचा तर त्याचा इरादा-अर्ज १ एप्रिलच्या आत शाळेत द्यायचाय, पण इतक्या लवकर सुरुवात करावी की नाही, हे तुम्हाला विचारूनच ठरवू. रविवारी जेवायलाच या.

तुमची,
मुग्धाची आई