विल्क्सबरोचा ट्रॅक सुरू झाला, पण शनिवारच्या शर्यतींचे काय?

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचारले होते. पंचवीस वर्षे तण माजलेला मोटार शर्यतीचा ट्रॅक पुन्हा उभा राहिला तो कोणाच्या पैशाने, आणि आपल्या उद्यमनगरातल्या कारागिरासारखा स्वतःच्या हाताने गाडी बांधणारा माणूस तेथे आजही शर्यतीत उतरू शकतो का? पहिल्याचे उत्तर चार ओळींत देता येईल, पण दुसऱ्याचे फोनवर सांगण्याजोगे नाही, म्हणून हे पत्र.

शार्लटहून उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, ब्ल्यू रिज डोंगरांच्या पायथ्याशी विल्क्स काउंटी आहे. मक्याच्या हातभट्टीसाठी हा मुलूख एकेकाळी देशभर बदनाम होता. माल रात्री शहरात पोचवायचा आणि मागे अबकारी खात्याच्या गाड्या; त्यामुळे बाहेरून साधी दिसणारी मोटार इंजिन आणि स्प्रिंगा बदलून वेगवान कशी करावी, ही विद्या तेथे बापाकडून मुलाकडे येत असे. ज्युनियर जॉन्सन हा तिथलाच. 1956 मध्ये तो वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि अकरा महिने तुरुंगात राहिला; नॅस्कार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत त्याने एकूण 50 शर्यती जिंकल्या, आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला रीतसर माफी दिली. स्टॉक कार म्हणजे मुळात अशीच दुकानातून आणलेली साधी गाडी. आता ती नावापुरतीच साधी उरली आहे, कारण खाली वेल्ड केलेल्या पाइपांची चौकट असते आणि वर फक्त गाडीसारखे दिसणारे पातळ अंग.

नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक 1947 मध्ये सुरू झाला. एनॉक स्टेली हे त्याचे मुख्य संस्थापक. एका फेरीची लांबी जवळजवळ बरोबर एक किलोमीटर आहे, आणि एक मैलाहून छोटा लंबगोल म्हणजे शॉर्ट ट्रॅक, अशी येथे व्याख्या आहे. पुढची सरळ बाजू उताराची आणि मागची चढाची आहे. जमीन सपाट करता करता पैसे संपले म्हणून ती तशीच राहिली असे लोक सांगतात, आणि या ट्रॅकची सारी गंमत त्या चढउतारातच आहे.

स्टेली 1995 मध्ये वारले. त्यानंतर ब्रूटन स्मिथ आणि बॉब बार या दोन मोठ्या ट्रॅकमालकांनी अर्धी-अर्धी मालकी विकत घेतली. वर्षातून दोनदा तेथे सर्वोच्च मालिकेची शर्यत होत असे, आणि दोघांना हव्या होत्या त्या फक्त त्या दोन तारखा. 29 सप्टेंबर 1996 रोजी जेफ गॉर्डनने तिथली अखेरची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी एक तारीख टेक्सासच्या नव्या प्रचंड ट्रॅकला गेली आणि दुसरी न्यू हॅम्पशरला. ट्रॅक तोट्यात नव्हता, त्याचे प्रेक्षकही हटले नव्हते. नवे मालक, दूरचित्रवाणीवाले आणि प्रायोजक मोठ्या शहरांजवळच्या दीड मैलाच्या ट्रॅककडे वळले होते, आणि त्या हिशेबात डोंगराखालचे छोटे गाव बसत नव्हते. मधे 2010-11 मध्ये काही छोट्या शर्यती झाल्या, पण त्या टिकल्या नाहीत.

पुनरुज्जीवनाची सुरुवात संगणकावर झाली. डेल अर्नहार्ट ज्युनियर या निवृत्त शर्यतपटूने डिसेंबर 2019 मध्ये माणसे जमवून ट्रॅकवरचे गवत काढले, ते खरी शर्यत भरवण्यासाठी नव्हे तर आयरेसिंग या संगणकीय खेळासाठी लेझरने मोजमाप घेता यावे म्हणून. मे 2020 मध्ये, कोविडमुळे सारे बंद असताना, नामवंत चालक घरी बसून त्या आभासी ट्रॅकवर शर्यत खेळले आणि जुन्या प्रेक्षकांना त्या जागेची पुन्हा आठवण झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकात केंद्राच्या कोविड मदतनिधीतून या ट्रॅकसाठी 1 कोटी 80 लाख डॉलर ठेवले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये डेल ज्युनियर स्वतः तेथे स्थानिक दर्जाच्या शर्यतीत उतरला आणि तिसरा आला. त्या रात्रीची गर्दी पाहून डांबर उखडून ट्रॅक मातीचा करण्याचा बेतच रद्द झाला. 21 मे 2023 रोजी नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत, म्हणजे निवडक विजेत्यांची बिनगुणांची शर्यत, तेथे झाली आणि काइल लार्सन जिंकला. 2024 साठी ट्रॅकवर नवे डांबर घातले, आणि 2026 च्या वेळापत्रकात तर 1996 नंतर प्रथमच अजिंक्यपदासाठी गुण मोजले जातात अशी शर्यत घेतली गेली.

तेव्हा पैसा सरकारचा, आणि ट्रॅक ब्रूटन स्मिथच्या कंपनीचा, जी आता त्यांचा मुलगा मार्कस चालवतो. ज्या घराण्याने तारीख उचलून नेली, त्याच घराण्याच्या मालमत्तेला लोकांच्या निधीतून पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था मिळाली. मला हे खटकते. पण तिथल्या माणसाला ते खटकत नाही, कारण लोज ही गृहसाहित्याची अवाढव्य कंपनी याच गावात जन्मली आणि 2003 मध्ये मुख्यालय घेऊन शार्लटच्या बाजूला निघून गेली. अशा गावाला परत आलेली एक शर्यतसुद्धा मोठी वाटणार.

ती ऑल-स्टार शर्यत झाली त्याच आठवड्यात आपल्याकडे काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडी शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला आणि तुम्ही मला पेढ्यांचा फोटो पाठवला होता. मात्र आपल्या शर्यती कायद्याने बंद झाल्या होत्या, म्हणून एका निकालाने त्या खुल्या झाल्या. येथे बंदी कोणीच घातली नव्हती. जे हिशेबाने बंद पडले, ते कोणताही न्यायाधीश उघडू शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि येथे माझे मत येथील उत्साही मित्रांहून वेगळे आहे. विल्क्सबरोला वर्षातून एकदा सारा देश पाहतो; पण हा खेळ जगला तो दर शनिवारी रात्री भरणाऱ्या गावठी शर्यतींवर. डेल ज्युनियरचे आजोबा राल्फ अर्नहार्ट कनॅपोलिस गावातल्या कापडगिरणीत काम करत आणि घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी बांधत. शर्यतीतून घर चालते असे दिसल्यावरच त्यांनी गिरणी सोडली. 1956 मध्ये ते नॅस्कारच्या स्पोर्ट्समन वर्गाचे विजेते झाले. ही कापड, फर्निचर आणि कोंबड्यांच्या कारखान्यांतली माणसे पाच दिवस पाळी करत आणि सहाव्या रात्री हिकरीसारख्या ट्रॅकवर शेजाऱ्याला मागे टाकत. कनॅपोलिसची ती प्रचंड गिरणी 2003 मध्ये बंद झाली. ट्रॅकच्या ऱ्हासाची चर्चा करताना लोक आवाज, टीव्ही आणि नव्या पिढीचे मोबाइल यांना दोष देतात. ज्याच्या खिशात शनिवारचा खर्च होता तो पगारदारच गेला, हे फार थोडे बोलतात.

जमिनीचा भाव ही दुसरी कुऱ्हाड. पूर्वी गावाबाहेर असलेला ट्रॅक आता वस्तीत आला आहे. मालक म्हातारा होतो, मुलांना धंद्यात रस नसतो, आणि बांधकाम व्यावसायिकाची रक्कम दहा वर्षांच्या तिकीटविक्रीहून मोठी दिसते. मर्टल बीचचा ट्रॅक 2020 मध्ये गेला, लॉस एंजेलिसजवळचा अर्विंडेल 2024 च्या डिसेंबरमध्ये. तिसरे कारण तुम्हाला पटकन कळेल: टायर. मोठ्या शर्यतीच्या रात्री नवे टायर नसतील तर मागे राहायचे, आणि जिंकले तरी बक्षिसातून टायरांचे पैसे निघतीलच असे नाही. अशा स्थानिक मालिकांत आता श्रीमंत वडिलांची पंधरा-सोळा वर्षांची मुले पगारी कारागिरांचा ताफा घेऊन येतात, कारण त्यांना येथून वर चढायचे असते. प्लंबिंगचे काम करून शर्यतीत उतरणारा पंचेचाळिशीचा गडी मग हळूहळू कुंपणाबाहेरचा प्रेक्षक होतो.

तरीही सगळे संपले असे मी लिहिणार नाही, कारण मी बोमन ग्रे पाहिले आहे. विन्स्टन-सेलम शहरातले हे महापालिकेचे फुटबॉल मैदान आहे आणि त्याभोवती चारशे मीटरचा सपाट ट्रॅक आहे. 1949 पासून तेथे उन्हाळ्यात शर्यती होतात. एप्रिल ते ऑगस्ट दर शनिवारी हजारो माणसे येतात, एका चालकाला टाळ्या देतात, त्याच्याशी वैर असलेल्या दुसऱ्याला शिव्या घालतात, आणि घरी जाताना पुढच्या शनिवारची भांडणे ठरवून जातात. जागा नगराची असल्यामुळे ती कोणी विकून टाकत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 2024 मध्ये तेथील शर्यतींची व्यवस्था नॅस्कारने स्वतःकडे घेतली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 1971 नंतर प्रथमच सर्वोच्च मालिकेच्या गाड्या त्या ट्रॅकवर धावल्या. चेस एलियट जिंकला. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स या तिथल्या शनिवारच्या गड्यांनाही त्या वेळी मोठ्या गाड्यांतून पात्रता फेऱ्यांत उतरायला मिळाले, आणि सर्वांत मोठा गलका त्यांच्यासाठीच झाला.

डेल ज्युनियर, केविन हार्विक, जेफ बर्टन आणि जस्टिन मार्क्स या आजी-माजी चालकांनी 2023 च्या सुरुवातीला कार्स टूर ही प्रादेशिक मालिका विकत घेतली. शर्यती इंटरनेटवर थेट दाखवल्या जातात. त्यातून पैसा येतो हे खरे, पण पाऊस येईल असे वाटले की घरीच बसून पाहू म्हणणारे वाढतात आणि फाटकावरची विक्री घटते, अशी ट्रॅकवाल्यांची तक्रार मी ऐकली आहे. दोन्हींत तथ्य आहे.

खर्चाच्या बाजूने मला एकच उपाय खरोखर कामाचा दिसतो, आणि त्यावर तुमचे मत हवे आहे. अनेक ट्रॅकवर काही वर्गांत कारखान्यातून आलेले सीलबंद इंजिनच वापरावे लागते. शेव्हरोलेचे 602 क्रमांकाचे साडेतीनशे क्यूबिक इंची, म्हणजे 5.7 लिटरचे इंजिन साधारण 350 अश्वशक्ती देते. त्याच्या ठराविक बोल्टांना सील असते आणि ते तोडून आत हात घातला तर गाडी बाद होते. दुरुस्ती फक्त मान्यताप्राप्त कारागिराकडे. यामुळे इंजिनावर पाण्यासारखा पैसा ओतणे थांबले आणि साधा माणूस पुन्हा परवडेल अशा गाडीत बसला, असे समर्थक म्हणतात. दुसरी बाजू तुम्हाला सांगायला नकोच: बोअरिंग, होनिंग, हेडचे काम, क्रँकचे संतुलन, ज्यावर छोट्या गॅरेजची अक्कल आणि इभ्रत उभी होती, ते सारे त्या बोल्टाखाली बंद झाले. ज्या खेळाचा जन्मच अबकारी अधिकाऱ्याला चुकवण्यासाठी इंजिन उघडण्यातून झाला, तेथे इंजिन उघडणे हाच अपराध ठरावा, हे मला गमतीचे आणि थोडे दुःखाचेही वाटते. तरी आज मत द्यायचे झाले तर मी सीलच्या बाजूने देईन. चालक उरले तर कारागिरांना चासी, शॉक अब्सॉर्बर आणि टायरच्या मापांत डोके चालवता येईल. चालकच उरले नाहीत तर उघडी इंजिने नुसती पडून राहतील.

उद्यमनगरात तुमच्याकडे असे सीलबंद इंजिन शर्यतीसाठी आले असते, तर तुम्ही ते स्वीकारले असते की गिऱ्हाईकाला परत पाठवले असते? उत्तर सविस्तर लिहा, फोनवर आटोपू नका. व्हिसाचे काम झाले की तिकिटे शनिवार मोकळा राहील अशी काढतो. जून-जुलैमध्ये आलात तर बोमन ग्रेला जाऊ, आणि शर्यत संपल्यावर पिटमध्ये जाऊन चौकटींचे वेल्डिंग तुम्हाला जवळून पाहता येईल.

काकूंना साष्टांग नमस्कार. दुकानातल्या मंडळींना माझी आठवण सांगावी.

तुमचा पुतण्या