चिंचोके फेकू नका

ती. आई आणि नाना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर नानांनी नेहमीचं विचारलं, "सध्या काय करायलीस?" मी म्हटलं, चित्रं. मग नाना गप्प, मागं नुसती कुकरची शिट्टी. तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि टीईटीचा फॉर्म निघालाय म्हणून सांगितलं. शिट्टी आणि फॉर्म, दोन्हींचा अर्थ मला कळतो. फोनवर मात्र माझी जीभ चालत नाही, म्हणून कागद घेतला.

नाना, आजोबांच्या मागाला कुणी नोकरी म्हणत होतं का? सूत शेठचं, माग आपला, मजुरी नगावर. काठ चुकला की मजुरी कापली. शेठनं सूतच दिलं नाही तर त्या आठवड्यात काय शिजवायचं ते आजीनं बघायचं. माझंही तेच चाललंय. मजकूर क्लायंटचा, हात माझा, पैसे चित्रावर. दोनदा बदल फुकट करून देते, तिसऱ्यापासून पैसे लावते. हे तोंडातून निघायला मला दोन वर्षं लागली. बिलातले दहा टक्के टीडीएसला कापून येतात, ते रिटर्न भरल्यावर हिशोबात धरले जातात. उरलेले यायला कधी आठवडा लागतो, कधी तीन महिने. त्या तीन महिन्यांत मी तुम्हाला "सगळं बरंय" म्हणते, ते खोटं असतं. एवढं आता कबूल करते.

गेल्या वर्षी एका कॅलेंडरचं काम होतं. अट एकच: बाई अस्सल मराठी दिसली पाहिजे. आश्विनाच्या पानावर मी बाई काढली, नऊवारीतली, हातात तरवड आणि कुर्डूच्या फुलांचं ताट. उत्तर आलं, "ही आंध्राकडची वाटते, मराठी करा." मी ताट काढलं, नथ घातली, पैसे आले. पुढं दोन महिन्यांनी हैदराबादच्या एका मुलांच्या पुस्तकासाठी तिकडच्या सणातली फुलांची बतुकम्मा रचणारी पोरगी काढली, तर तिकडून निरोप: "फार महाराष्ट्रीयन दिसते." त्या दिवशी मी एकटीच खोलीत हसले. मग आईचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून फोन केला होता. आठवतं का आई, तू विचारलंस, "बरी आहेस ना?" आणि मी हरभऱ्याचा भाव विचारला.

त्यांचं तरी काय चुकलं? ज्या झुडपाला आई तरवड म्हणते त्यालाच नाना तंगेडू म्हणतात. बांधावर ते एकच उभं असतं. अत्ता, मराठीत आत्या, सर्वपित्रीपासून नऊ दिवस बतुकम्मा रचायची तेव्हा आई इकडं घटाच्या मातीत धान्य पेरायची, आणि मी शनिवारी-रविवारी धर्माबादहून बासरला. एक स्टेशन तर आहे. शाळेत बाईंनी विचारलं होतं, "वडलांना नाना का म्हणता? घरात धाकटे आहेत का?" तेलुगूत वडलांना नान्ना म्हणतात, त्यातला एक न आम्ही गिळला आणि तुमचे मराठी नाना झाले, हे त्यांना कुठून कळणार!

आजोबांचं तर बघा. माणूस जागचा हलला नाही. जन्मले निजामाच्या हैदराबाद संस्थानात, 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं. 1956 ला मुंबई राज्यात आले, 1960 ला महाराष्ट्रात. अत्ताच्या सासरचे पलीकडं, तेही तेव्हा त्याच निजामाचे. 1956 ला ते आंध्र प्रदेशात गेले आणि 2014 ला तेलंगणात. आईचं माहेर गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिथं गोदावरीला गंगाच म्हणतात. तेच पाणी नांदेडवरून बासरला सरस्वतीच्या पायाशी जातं. त्याला कुणी विचारत नाही, तू अस्सल कुठलं म्हणून.

बासरला माझं अक्षराभ्यासम केलं तेव्हाचं आईच सांगते. पुजाऱ्यानं माझा हात धरून तांदळावर तेलुगू अक्षर काढलं. घरी आल्यावर आईनं पाटी घेऊन माझ्याकडून श्री गिरवून घेतलं, दिवेलागणीपर्यंत. नाना म्हणाले, "एका दिवसात दोन-दोन?" आई म्हणाली, "हात एकच आहे ना." आणि चित्राचं माझं पहिलं काम कुणाचं होतं? तुझंच. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचे रंग उडाले होते, तू मला ब्रश दिलास. धाकटीचा डावा डोळा जरा मोठा झालाय, अजून तसाच आहे. त्याचे पैसे दिले नाहीस, पुरणपोळी मात्र दिलीस.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात मी तेलंगणात चेरियालला जाऊन आले. तिथं नकाशी घराण्यांत कापडावर लांबच लांब पट रंगवतात, लाल जमिनीवर, एकाखाली एक चौकटी. गोष्ट सांगणारा गावोगाव तो पट उलगडत जायचा, आणि ज्या जातीचं गाव तिची गोष्ट. आपल्या विणकर पद्मशाल्यांची मार्कंडेयाची, भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंचं कापड विणलं ती. खादीला आधी पांढरी माती, तांदळाची पेज, डिंक आणि चिंचोक्याची खळ देतात. पातेल्यात ती खळ शिजत होती. दारातून वास आला आणि मला एकदम आपलं मागलं अंगण दिसलं. आजी सुताला कांजी लावायची, मी तिच्या पदराला धरून उभी. तिथल्या बाईंनी विचारलं, "डोळ्यात धूर गेला का?" मी तेलुगूत हो म्हटलं. माझं तेलुगू ऐकून त्या हसल्याच. मराठी वळणानं येतं म्हणे.

मला एक पट करायचाय. गंगाखेडपासून बासरपर्यंत, वरून खाली. मधे कुठंतरी आजोबांचा माग, महालक्ष्म्या, आणि तरवडाचं ते ताट. नथ जिला हवी तिला घालीन. या पटाला क्लायंट नाही, म्हणून ॲडव्हान्सही नाही, आणि टीईटीचा फॉर्म मी भरणार नाही. आई, रागावशील, ठाऊक आहे.

नाना, राखीपौर्णिमेला तुम्ही जी भावनाऋषींची गोष्ट सांगायचात ती तशीच, तेलुगूतच, फोनमध्ये बोलून पाठवा. शेजारच्या पोराला सांगा, तो रेकॉर्ड कसं करायचं ते दाखवील. मागाच्या भागांची नावंही सांगा, दोन्ही भाषांतली, मला अर्धीच येतात. तुटलेला धागा तुम्ही दोन बोटांत धरून न बघता गाठ मारता, त्याचा फोटो आईनं काढावा. जवळून. चेहरा नको, हातच.

आणि आई, यंदा चिंच फोडशील तेव्हा चिंचोके पोरांना खेळायला देऊ नकोस. वाळवून डब्यात भरून ठेव. किलोभर तरी लागतील, मी पोळ्याला येते तेव्हा नेईन.

तुमची,
धाकटी